तेच शेत, तेच पक्षी

माझ्या नवऱ्याचं चित्र मी हळदीकुंकवाच्या वाणासारखं वाटलं. तेव्हा मी पन्नाशीची होते. अक्कल अजून यायची होती.

न्यूझीलंडमध्ये पुकेकोहे गावी राहायला आल्यावर त्यांनी ते गॅरेजमध्ये काढलं. पावसाने झोडपलेलं कांद्याचं शेत, बोडकी झाडं, चिखलात निळे-काळे पुकेको पक्षी. इथल्या मराठी मंडळातल्या एकीच्या वास्तुशांतीला मी ते आहेर म्हणून देऊन टाकलं. लगेच दुसरी म्हणाली, "त्यांना दिलंत, आम्ही काय परके?" झालं, मी फुगले. "ह्यांच्या डाव्या हातचा मळ आहे हो," म्हणत सगळ्यांना तेच चित्र कबूल करत सुटले.

गॅरेजच्या भिंतीवर पुण्याहून आणलेलं एक छापील चित्र होतं, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका रशियन निसर्गचित्रकाराचं. वितळता मळका बर्फ, बर्चची वाकडी झाडं, घरटी बांधणारे काळे पक्षी. पुन्हा तेच शेत रंगवताना हे एकदा म्हणाले,

"ह्याने शिकवलेली मुलं नावारूपाला आली. ह्याचं मात्र एवढंच चित्र लोकांच्या लक्षात राहिलं. पोरं दगावली, दारू लागली, बायको सोडून गेली, नोकरी गेली. मग बाटलीपायी हेच पक्षी काढत बसला. परत परत. मेला गरिबांच्या इस्पितळात."

"तुम्ही तर चहासुद्धा बिनसाखरेचा पिता," मी म्हटलं. "ते ओटाहुहूला राहतात त्यांचं चित्र शनिवारपर्यंत होईल ना?"

त्यांना गावाजवळचे बॉम्बे हिल्स नावाचे डोंगर धुक्यात काढायचे होते. कॅनव्हास ताणून तयार होता. पुण्याचा माणूस इथे येऊन बॉम्बे काढणार, म्हणून मी हसले होते. "एवढं एक झालं की तुमचं," असं मी दर वेळी म्हणायचे, लहान मुलाला औषध पाजतात तसं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. डोंगराची पहिलीच रेघ वेडीवाकडी गेली. त्यांनी ब्रश धुऊन ठेवला, तो ठेवलाच. पुढचे हिवाळे खिडकीशी बसून काढले. डोंगर तिथून दिसायचे.

ते गेले तेव्हा भेटायला खूप माणसं आली. त्या रशियनाच्या अंत्ययात्रेला फारसं कोणी नव्हतं म्हणे, तो शिकवायचा त्या शाळेचा दारवान तेवढा आला होता. आमच्याकडे गाड्या लावायला जागा पुरेना. मंडळातली एकजण पिठलं-भाताचा डबा घेऊन आली, माझा हात धरून बराच वेळ रडली. निघताना रबरी चपला पायात सरकवत दारात थांबली.

"वहिनी, ही वेळ नाही बोलायची, पण आमचं तेवढं चित्र राहूनच गेलं हो."