साडूंची पारख

माझ्या साडूंइतका संशयी माणूस वसई-विरार पट्ट्यात दुसरा जन्माला आला असेल, असं मला वाटत नाही. बस आणि ट्रकचा भलामोठा ताफा बाळगणाऱ्या एका कंपनीत, कामणच्या डेपोत, ते स्ट्रॅटेजिक सोर्सिंग मॅनेजर आहेत. म्हणजे काय, हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "थोरले जावई गाड्यांचं सामान आणतात," असं त्या सांगत. पण टायर, बॅटऱ्या, ब्रेकचे लायनर कुणाकडून घ्यायचे आणि कुणाला दारातही उभं करायचं नाही, हे ठरवता ठरवता साडूंचा स्वभावच तसा झाला. "कारखाना पारखायचा तर आधी त्यांचा संडास बघावा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माझ्या मुलीचं होणारं सासर बघायला विरारला गेलो, तर चहा यायच्या आत हे आत जाऊन आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हो म्हणा." माणिकपूरच्या स्टँडवर तर टायरच्या खाचेत नख घालून बघितल्याशिवाय ते रिक्षात पाय ठेवत नसत. "काका, कालच नवीन टाकलाय, बसा ना यार," रिक्षावाले लांबूनच ओरडत. या सगळ्याला सर्वांत जास्त हसायच्या त्या ताई, म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण.

गेल्या वर्षी एका दुपारी ताईंच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स दारात लागली. साडू सवयीने वाकले आणि उठून म्हणाले, "ह्या टायरवर मी हिला नेणार नाही. दुसरी बोलवा." दुसरी यायला वेळ लागला. ताई वाटेतच गेल्या. उशिरामुळे गेल्या की जाणारच होत्या, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सोसायटीने मात्र निकाल देऊन टाकला, आणि माझ्या बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मलाही त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

वर्षश्राद्धाला गेलो. जेवणं उरकल्यावर साडू आमच्यासमोर येऊन उभे राहिले. भल्याभल्या कंपन्यांच्या माणसांना घाम फोडणारा हा गृहस्थ खाली बघत, हळू आवाजात बोलला.

"पहिल्याच गाडीतून न्यायला हवं होतं का गं?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "नाही, भावोजी. टायर अगदीच गुळगुळीत होते. मी बघितले ना."

त्या दुपारी आम्ही दोघं कोल्हापुरात होतो, हे साडूंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी काही विचारलं नाही. "हो ना," एवढंच म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा रडले.