सावलीतली वाटी

पाऊस आहे का पाहायला आपण वळचणीबाहेर हात काढतो. तो माणूस ऊन पाहायला हात काढायचा. तळहात क्षणभर बाहेर, लगेच आत. "आज न्हाई," म्हणायचा आणि पुन्हा बांबूच्या तट्ट्या विणायला बसायचा.

मोठ्या लढाईच्या आधी नंदिगड्ड्याजवळच्या लाकूड-डेपोत मी कारकून होतो, तेव्हा तिथं तट्ट्या विणणाऱ्या या माणसाची ही गोष्ट. जन्मतःच त्याच्या कातडीला, केसांना, पापण्यांनासुद्धा रंग नव्हता. घटकाभर उन्हात गेला की अंगावर फोड यायचे. सगळा दिवस त्या छपराखाली कोंडलेला हा माणूस पाहून, खरं सांगतो, माझाच जीव गुदमरायचा. तुम्ही असतात तर तुमचाही गुदमरला असता.

तान्हेपणी तो दगावणार असं वाटल्यावर आईनं नवस बोलला होता. पोर जगलं तर उळवीच्या जत्रेत देवाच्या रथाच्या दोराला हात लावील. पोर जगलं, आई गेली, नवस राहिला. रथ ओढायचे भर उन्हात. आम्ही दरवर्षी शहाणपण शिकवायचो, "अरे, डोक्यावर ओला पंचा घे नि चल!"

एके दिवशी संध्याकाळी त्यानं मला ओढ्यावर नेलं. वाहत्या पाण्यात दोन काशाच्या वाट्या टेकवलेल्या. दोन्हींत कोळंबीच्या जातीचे, तिळाएवढे, आरपार दिसणारे किडे. एका वाटीवर पानाची सावली, तिथले किडे टुणटुण उड्या मारत होते. दुसरी दिवसभर उघडी. तिच्यातले सगळे तळाला मरून पडले होते.

"बोट घाला, सायब. दोनी गारच हायत न्हवं?"

"गारच."

"मग हे तापून मेले न्हाईत. उजेडानंच मेले. वल्या पंच्यानं माजं काय व्हनार?"

मी वाटीतून बोट काढलं. हा आता कधीच जाणार नाही, असं मनाशी धरून चाललो.

त्याच वर्षी तो उळवीला निघालेल्या आमच्या कमानीच्या छपराच्या बैलगाडीत येऊन बसला, घोंगडं पांघरून. दोराला हात लावायचा आणि परत गाडीत यायचं, असं ठरलं होतं. गर्दीत घोंगडं गळून पडलं, आणि रथ थांबेपर्यंत यानं दोर सोडला नाही.

परतताना चेहरा सुजलेला, डोळे मिटलेले. मी भडकलो. "वाट्या मांडून तूच दाखवलंस ना मला?"

"किड्यांस्नी कुटं नवस असतो, सायब?"

"रथ तरी दिसला का?"

"न्हाई. समदं पांढरं. पन दोर लई खरबरीत हाय."

त्या उन्हानं मानेवर झालेली जखम भरलीच नाही. पावसाळ्याआधी तो वारला. तोवर छपराखाली तट्ट्या विणत असायचा, पण वळचणीबाहेर हात काढून त्यानं पुन्हा कधी ऊन पाहिलं नाही.