मागच्या दाराने परत केलेला आणा

तेजीच्या दिवसांत आम्हा बोद भरणाऱ्यांचे पाय अमरावतीत फार मोलाचे झाले होते. बोद म्हणजे तागाचं माणसाएवढं उंच पोतं. त्यात उतरून कापसाची रुई तुडवायची, एवढीच आमची विद्या. तरी वखारीचे सेठजी आम्हाला घरून बोलावून न्यायचे आणि आम्ही मुद्दाम जरा उशिरा निघायचो.

मग समुद्रापलीकडच्या ज्या लढाईने आमच्या रुईला भाव आला होता, ती थांबली आणि भाव कोसळला. गोऱ्यांनी आपसातली भांडणं मिटवली याचा घोर अमरावतीच्या हमालांना लागावा, हे नवलच. शेजारच्या वखारीने निम्मी माणसं काढली. आम्ही इतके घाबरलो की कुणी काही म्हणायच्या आत सेठजींपुढे जाऊन उभे राहिलो.

मुकादम म्हणाला, "सेठजी, चाराचे तीन आने द्या, पन आमाले काढू नका."

सेठजी खवळले. मजुरी घटवल्याचं बाजारात कळलं तर पेढी बुडाली समजून लोक ठेवी काढायला येतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तोड त्यांनीच काढली. बाजाराच्या दिवशी ओट्यावर चारचौघांदेखत रोजाचे चार आणेच मिळायचे. मग आम्ही मागच्या दाराने जाऊन रोजामागे एक आणा परत करायचा. आम्ही त्यांचे उपकार मानले, आणि अगदी मनापासून मानले.

त्यामुळे मंदीत आमची श्रीमंती गाजली. तुमच्याकडे तर रोकडा आहे म्हणून वाणी उधारी देईना, जातवाले पंगतीची वर्गणी आधी आमच्याकडे मागू लागले. खरं बोललं तर काम जाणार, म्हणून आम्ही रुबाबात राहायचो. बायकोला ठाऊक होतं, पण भावालाही सांगू नकोस असं मी तिला बजावलं होतं.

तो भाऊ, म्हणजे माझा साळा, अकोल्यात हेच काम करायचा. तिथून काढल्यावर आमच्या चार आण्यांची कीर्ती ऐकून तो आमच्याकडे उतरला. आठवडाभर माझ्या घरी जेवला आणि परस्पर सेठजींना भेटून दोन आण्यांत काम करायला तयार झाला. उद्यापासून येऊ नको, हे मला मुकादमाने सांगितलं.

जेवताना मी त्याला मागच्या दाराच्या आण्याचं सगळं सांगून टाकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याला खरोखर वाईट वाटलं.

"जवाई, तीनच भेटत होते हे आधी काहून नाई सांगतलं?" तो म्हणाला. "म्या अडीच मांगतले असते."