कानाशी धरलेला चॅनल

घरीच कपाट करायला घेतलं होतं. त्याचे खण ज्यांवर सरकतात ते चॅनल घ्यायला मी बोईसरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. माझ्यापुढे दांडी गावची एक बाई होती. तीही पॅकिंगच्या फळ्यांचं कपाट घरीच ठोकत होती. एकेक चॅनल कानाशी धरायची, सावकाश ओढायची, मान हलवून बाजूला ठेवायची.

"सब एक जैसा है, भाभी," दुकानदार वैतागून म्हणाला. मीही कंटाळलो होतो.

"एकसारखं कसं? माझा नवरा रातपाळी करून दिवसा झोपतो. मी खण उघडला तरी तो उठला नाय पायजे."

शेवटी तिला हवे ते मिळाले. ती गेल्यावर दुकानदाराने माझ्यापुढे चॅनल टाकले. नकळत मीही एक कानाशी नेला. मग आठवलं, माझ्या घरी आता झोपमोड होईल असं कुणी नाही.