ओळखीचं जनावर

मी तोंडाची फटकळ, हे सगळी गल्ली जाणते. तरी त्या दुपारी बायबल वाचता वाचता माझीच वाचा बसली.

वाचायला जायची ती गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरणीकडे. आम्ही त्यांना दीदी म्हणायचो. अमरावतीकडच्या मराठी ख्रिस्ती. यजमान पाद्री होते, त्यांच्याकडून त्या हिब्रू शिकलेल्या. पुढे डोळे गेले आणि वाचून दाखवायला कोणी उरलं नाही. नागपूर महाराष्ट्रात गेलं, आमचं जबलपूर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं. आमची पोरं मराठी ऐकतात नि हिंदीत उत्तर देतात. वाचणार कोण? म्हणून मी, एकादशी करणारी बाई, जेवणं आटोपली की त्यांचं पुस्तक घेऊन बसायची.

त्या दिवशी कायद्यांचं पान होतं. शत्रूचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर ते त्याच्याकडे नेऊन पोचवावं, अशा अर्थाचं. दीदींनी मला थांबवलं.

"अच्छा, थांब. इथं 'शत्रू'ला मूळ हिब्रू शब्द ओयेव. फौज घेऊन चालून येतो ना, त्यालाही हाच शब्द. पण इथला शत्रू कोण? ज्याचा बैल तू लांबून ओळखतेस तो! म्हणजे जवळचाच कोणी. त्याच्याशी गोड बोल, असं नाही सांगितलं. राग असेल तर असू दे, जनावर तेवढं घरी पोचव. काहून गं, गप झालीस?"

"काही नाही दीदी, ठसका लागला," मी खोटं बोलले.

मला माझी थोरली जाऊ आठवली होती. चार घरं सोडून राहायची. सासूबाई शेवटच्या आजारात माझ्याकडे होत्या. त्यांच्या तेराव्याला साऱ्या नातेवाइकांसमोर ही म्हणाली, "हिनं म्हातारीला पोटभर खाऊ नाही घातलं." अहो, लहान लेकरासारखं भरवलं होतं मी त्यांना! ते बोलणं जिवाला लागलं. सहा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. मधे भासरे, म्हणजे तिचे यजमान, वारले, तेव्हा गेले, घटकाभर बसले, उठून आले. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी मी. त्यानंतर जाऊ एका तांबड्या गाईच्या दुधावर घर चालवत होती.

आणि तीनच आठवड्यांपूर्वी, सकाळी, ती गाय दावं तोडून माझ्या फाटकासमोरून गेली होती. गाभण. रिछाईच्या कारखान्यांचे ट्रक जातात त्या सडकेकडे निघाली होती. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. नुसती "हट!" म्हणून आडवी झाले असते तरी फिरली असती, इतकी गरीब गाय. पण मी मनात म्हटलं, हिंडू दे थोडं, जाऊबाईंची जरा फजिती होऊ दे. देवाशपथ, एवढंच मनात होतं. मी मान खाली घालून सुपातले खडे वेचत राहिले.

अर्ध्या तासात बातमी आली. ट्रकखाली गाय गेली, पोटातलं वासरूही गेलं. मी कोणाला काही बोलले नाही.

दीदींकडून उठले ती सरळ जाऊच्या दारात. ती बोचकं बांधत होती. दूध बंद झालं, आता इथं खायचं काय? माहेरी, मझौलीला भावाकडे निघाली होती, कायमची.

"बाई," मी म्हटलं, "गाय माझ्यासमोरून गेली. मी पाहिली होती. मी नाही वळवली."

शिव्या द्याव्यात तिनं, असं मला फार वाटत होतं. तिनं हातातली साडी घडी करून बोचक्यात ठेवली.

"मालूम आहे मले. मी गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली होती. गाय सुटलेली दिसली तशी धावणारच होती. तेवढ्यात तू फाटकापाशी दिसली." तिनं बोचक्याची गाठ आवळली. "म्हून नाही धावली. म्हटलं, चलो, आता काळजी नाही."