चिंधूच्या टाकीला कुलूप

अंबाडी नाक्याच्या आसपासच्या गावांत चिंधूला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि त्याच्या गाडीत कधी बसलं नाही असं तर त्याहून नाही. गाडी काही त्याची स्वतःची नव्हे. काल्हेरच्या धनेशशेठच्या चार पिकअप, त्यातली एक चिंधूच्या हातात. सकाळी काल्हेरच्या गोडाऊनमधून माल भरायचा, भिवंडीत लूमवाल्याच्या दारात उभं राहून कापडाचे ताके घ्यायचे, आणि वाडा रस्त्याने दुकानादुकानांत उतरवत अंबाडी गाठायची. कधी पुढे गणेशपुरीपर्यंत. संध्याकाळी रिकामी गाडी माघारी काल्हेरला लावून बसने घरी. वर्षानुवर्षं हेच.

नावाचं म्हणाल तर थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, पाठची दोन पोरं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तसा आईने चिंधीत गुंडाळला आणि नावही तेच ठेवलं, की यमाला वाटावं, हे काय उचलून न्यायच्या लायकीचं दिसत नाही. यम फसला. चिंधू आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि अजून शेंगदाण्याचं पोतं एकटा उचलतो.

त्याची सुरुवात हमालीतून झाली. मग क्लीनर झाला, मग एका जुनाट ट्रकवर हात बसवला. त्या ट्रकचा गिअर आपोआप निसटायचा, म्हणून डावा पाय सारखा क्लचवर ठेवावा लागे. ट्रक भंगारात गेला, पाय क्लचवरच राहिला.

चिंधूला एकच गोष्ट जमत नसे, नाही म्हणणं. रस्त्यात कुणी हात केला की गाडी थांबलीच. भाजीवाल्या बाया, दवाखान्यातून येणारा एखादा म्हातारा, कुणी म्हणजे कुणीही. बरं, ते चढेपर्यंत हा गाडी बंदही करायचा नाही. बंद केली की चढणाऱ्याला वाटतं, आपल्यापायी याचा खोळंबा झाला. चालू असली की माणूस जरा मोकळ्या मनाने चढतं, असं त्याचं म्हणणं. म्हातारी एक पाय पायरीवर ठेवून मागे राहिलेल्या जावेला हाक मारी, जाऊ पाटी शोधत असे, आणि गाडी आपली घुरघुरत उभी.

तर या गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी दहावर आली. आणि या धंद्यात अ‍ॅव्हरेज पडला की पहिलं बोट इंजिनाकडे जात नाही, ड्रायव्हरकडे जातं. टाकीत नळी घालून डिझेल काढायचं, कॅन भरायचा, आडबाजूला विकायचा. असं करणारे असतात, नाही असं नाही. धनेशशेठ शिव्या देणारा माणूस नव्हता. त्याचे आजोबा खाडीवर मासे मारायचे, बापाने गोडाऊनं बांधली, आणि याला हिशेब आला. पण जीभ मऊच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने एका सकाळी वेल्डरला बोलावलं आणि सगळे ड्रायव्हर चहा पीत उभे असताना चिंधूच्या गाडीच्या टाकीला कडी मारून कुलूप लावलं. चावी आपल्या जुडग्यात अडकवली.

"मनात काय धरू नको हां चिंधू," तो म्हणाला. "चोऱ्या लय वाढल्यात. डिझेल भरायला मी येईन पंपावर."

चार गाड्यांपैकी कुलूप एकाच गाडीला. चोऱ्या वाढल्या त्या काय एकाच गाडीवर? पण चिंधू काही बोलला नाही. प्रितम म्हणून दुसरा ड्रायव्हर, जिभेला हाड नसलेला, तो म्हणाला, "काका, आता गाडीला पाणी पाजा. पाण्याला कुलूप न्हाय लावलं शेठनी."

सगळे हसले. चिंधूही हसला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसला.

घरी बायको चंद्रा आणि थोरली बहीण आक्का. आक्का नवरा गेल्यापासून भावाकडेच. चंद्राने ऐकलं आणि ती म्हणाली, "कुलूप टाकीला न्हाय लावलं. तुमच्या तोंडाला लावलंय. तेव्हाच का न्हाय बोललात?"

"काय बोलू? मी न्हाय काढत, एवढंच ना? काढणारापन तेच बोलतो."

खरंच होतं. चोर नसल्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत त्याने गाडी अंबाडीच्या नामा मिस्त्रीकडे घातली. नामाने जॅक लावून मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. अर्धा फेराही न घेता चाक अडलं. ब्रेक आतून चिकटून बसलेला.

"बैल पुढं हाकायचा आन मागून शेपटी धरून ठेवायची," नामा म्हणाला, "तशी चाललीय तुझी गाडी."

मग त्याने एअर फिल्टर बाहेर काढला आणि जमिनीवर आपटला. आतून रुईचे पुंजके पडले. लूमच्या दारात रोज तास तास उभी राहणारी गाडी, आत मागांचा खडखडाट आणि बाहेर उडणारी रुई; तीच सगळी नाकात ओढलेली.

"उशी भरून होईल एवढी हाय," नामा म्हणाला. मग टायरला लाथ मारून बघितली, हवा मोजली आणि कपाळाला आठी घातली. "चारी चाकांत हवा कमी. पंक्चर न्हाय. कोन काढतं ही?"

चिंधू जरा घुटमळला. "मीच."

गोष्ट अशी होती की आक्काचे मणके झिजले होते. गणेशपुरीच्या गरम कुंडात आंघोळ केली की तिला चार दिवस बरं वाटे, म्हणून तिकडची फेरी असली की चिंधू तिला केबिनमध्ये बसवून नेई. आणि वाडा रस्त्याचे खड्डे कुणाला सांगायला नकोत. प्रत्येक खड्ड्याला आक्का ओठ आवळून बसे, हूं की चूं करत नसे, आणि तेच चिंधूला बघवत नसे. म्हणून त्याने टायरची हवा उतरवली. नरम टायरने गाडी जरा झोक्यासारखी जाते. पण नरम टायर रस्त्याला चिकटून चालतो, आणि इंजिनाला तो जादाचा भार ओढावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी त्याने काय केलं असतं, देव जाणे.

नामाने ब्रेक सोडवले, नवा फिल्टर बसवला, हवा बरोबर भरली. "आन तो डावा पाय क्लचवरून काढ, त्यानंपन डिझेल जळतं. पाय टेकवायचा असेल तर घरून पाट आन. आता बघ, येतो का न्हाय अ‍ॅव्हरेज."

उशीर झाला म्हणून त्या दिवशी चिंधू गाडी घेऊनच मोठ्या खुशीत घरी आला. ताटावर बसला, भाकरी मोडली, आणि सुकटीचा घास घेता घेता सगळं सांगितलं. चंद्रा ऐकत होती. मग तिने तवा खाली उतरवला.

"म्हंजे आता अ‍ॅव्हरेज वाढणार."

"वाढणारच. नामा बोलला."

"कुलूप लागल्यावर वाढणार."

चिंधूचा हात ताटातच थांबला. चंद्राला पुढचं सांगावं लागलं नाही. कुलूप लागलं आणि डिझेल पुरायला लागलं, तर शेठ काय समजेल? समजेल, बघा, चोर सापडला. गाडी जितकी नीट चालवावी तितकी चोरी अंगाला चिकटणार. आणि नाही चालवावी, तर गाडी दुसऱ्याच्या हातात जाणार. दोन्हीकडून मरण.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या कंबरेपायी तुला चोर ठरवला व्हय रे? मेल्या, सांगायचंस तरी. मी काय काचेची हाय?"

शेवटी चंद्राच बोलली. "मी चुलीवर झाकण न ठेवता डाळ शिजवली आन तुम्ही बोललात, लाकडं चोरून इकते, तर मी काय करीन? तुम्हाला चुलीपुढं बसवीन. एकदा उघडी शिजवीन, एकदा झाकून. तुमच्या डोळ्यादेखत. मग बोला."

सकाळी चिंधू गाडी घेऊन परत नामाच्या दारात. "नामा, काल काढलेला फिल्टर कुठं हाय?"

"भंगारात. का?"

"तोच बसव. ब्रेक होते तसे आवळ. हवा मी काढतो."

नामाने हातातला पाना खाली ठेवला. "गाडी सुधरव म्हननारं गिऱ्हाईक रोज येतं. बिघडव म्हननारा तू पयला. काय घेतलंबितलं न्हाय ना सकाळी?"

चिंधूने कारण सांगितलं. नामा खूप वेळ हसला, पण फिल्टर शोधून दिला. ब्रेक आवळताना मात्र त्याच्या जिवावर आलं. चांगलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं म्हणजे वरण झाल्यावर त्यात मुद्दाम मीठ जास्त घालण्यासारखं.

तिथून चिंधू सरळ काल्हेरला गेला आणि शेठपुढे उभा राहिला. आयुष्यात एवढं लांब वाक्य त्याने मालकापुढे कधी बोललं नसेल. "भाऊ, दोन दिवस माझ्यासंगं गाडीत बसा. एक दिवस मी रोज चालवतो तशी चालवीन, एक दिवस नीट. चावी तुमच्या खिशात. माल तेवढाच, रस्ता तोच. मग ठरवा."

धनेशशेठने त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणायला त्यालाही तोंड नव्हतं.

पहिल्या दिवशी पंपावर टाकी काठोकाठ भरली, कुलूप लागलं आणि शेठ केबिनमध्ये बसला. लूमच्या दारात त्याने नाकाला रुमाल लावला. पुढे रस्त्यावर बायांनी हात केले, गाडी थांबली. काशी भाजीवाली आत डोकावून म्हणाली, "आज शेठ बसलेत? मग आम्ही कुठं बसावं, त्यांच्या मांडीवर?" आणि मागे जाऊन चढली. गाडी घुरघुरत उभी. पुढच्या वळणावर पुन्हा कुणीतरी. शेठ घड्याळ बघायचा, आणि काशीकडे बघायचा. संध्याकाळी त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. भागाकार केला. दहाला थोडे कमीच. शेठने दोनदा केला. दिवसभर तो स्वतः गाडीत, चावी त्याच्या खिशात. डिझेल प्यायलं कुणी?

"इंजिन गेलं असंल," तो म्हणाला.

"इंजिन चांगलं हाय, भाऊ. उद्या या."

दुसऱ्या सकाळी नामाने काल्हेरला येऊन शेठच्या समोर चाक फिरवून दाखवलं, आधी आणि नंतर. फिल्टर आपटून दाखवला. मग वर टपाकडे बोट केलं. केबिनवर लोखंडी अँगलचं भलंमोठं मखर उभं होतं, पंख पसरल्यासारखं.

"हे कशाला ठेवलंय? सगळा वारा अडतो याला. वजन वेगळं."

शेठ चिंधूवर चिडला. "काय रे, हे कसलं भंगार बसवलंय वर?"

"कुणालच्या हळदीला स्पीकर बांधायला तुम्हीच बसवलं होतं, भाऊ," चिंधू म्हणाला. "परत काढ बोललात न्हाय, म्हनून न्हाय काढलं."

कुणाल म्हणजे शेठचा धाकटा भाऊ. त्याच्या लग्नाला दोन पावसाळे होऊन गेले होते. शेठने नामाकडे वळून म्हटलं, "काढ ते," आणि चहा मागवला.

त्या दिवशी चिंधूने गाडी अशी काढली की शेठला वाटलं, हा झोपेत चालवतोय. हळू उचलायची, वेग आला की वरचा गिअर, आणि पुढच्या ट्रकचा लाल दिवा लांबून दिसला की पाय उचलून गाडी आपोआप मंदावू द्यायची. अंजूरफाट्याच्या अलीकडे शेठला राहवेना.

"अरे घाल ना पुढं. सायकलवाले चाललेत."

"पुढं जाम हाय, भाऊ. धावत जाऊन रांगेतच उभं ऱ्हायचंय."

आणि रांगेत उभं राहिल्यावर त्याने गाडी बंद केली. एवढ्या वर्षांत त्या जागी पहिल्यांदा शेठला बाजूच्या रिक्षातलं बोलणं ऐकू आलं. बायांना चिंधूने आदल्या दिवशीच निरोप दिला होता, की वाटेत उभं न राहता सगळ्यांनी पिंपळाखाली जमावं. सगळ्या एकदम चढल्या. काशी म्हणाली, "शेठ बसल्यापासून आमची शिस्त वाढली," आणि शेठच्या हातात दोन काकड्या ठेवल्या.

संध्याकाळी टाकी भरली. शेठने मोबाईलवर भागाकार केला आणि मोबाईल चिंधूपुढे धरला. साडेतेरा. पंपावरचा माणूस "पुढं घ्या" म्हणाला, तेव्हा कुठे दोघं हलले.

माफी मागायची कला सगळ्यांना येत नाही. धनेशशेठने दुसऱ्या सकाळी वेल्डरला पुन्हा बोलावलं. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे चहा पीत उभे होते. चिंधूला वाटलं, कुलूप काढतायत. पण वेल्डरने उरलेल्या तिन्ही गाड्यांनाही तसलीच कडी मारली, नवी कुलपं लावली. मग शेठने चारी चाव्या हातात घेतल्या, सगळ्यांच्या देखत चिंधूला बोलावलं आणि चारही त्याच्या हातात दिल्या.

"कुलपं चोरांसाठी आहेत, बाहेरच्या," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "आपल्या माणसांकडं चावी असते. चिंधूभाऊ, तुम्ही द्या ज्याची त्याला. आन अ‍ॅव्हरेज कसा काढायचा तेही सांगा."

इतकी वर्षं "चिंधू" होता, त्याचा "चिंधूभाऊ" झाला आणि "तू"चं "तुम्ही". चिंधूने चाव्या वाटल्या. प्रितमने हात पुढे केला तेव्हा चावी जरा वर धरून म्हणाला, "पाणी मात्र घालू नको हां टाकीत."

पुढच्या खेपेला आक्का लूमवाल्याकडून मिळालेल्या रुईची जाड गादी घेऊनच केबिनमध्ये बसली. घट्ट टायर, खड्डे तेच. एका खड्ड्याला तिने ओठ आवळले, मग भावाकडे बघून चक्क मोठ्याने कण्हली.

"लागलं?" चिंधूने विचारलं.

"लागलं," आक्का म्हणाली. "आता बोलायचं ठरवलंय. हळू घे."

चिंधूने पाय उचलला.