टाचेखालची माती
गव्हाला पाणी सोडलं की ओल्या काळ्या मातीचा वास सुटतो आणि मला अल्लीपूरजवळची ती सकाळ आठवते. मी सर्वेक्षणाच्या जीपचा ड्रायव्हर होतो. जीपमधलं जायरोचं यंत्र गाडी जाईल तिथली जागा आणि उंची मोजायचं, पण त्याआधी गाडी तासभर जराही न हलता उभी ठेवून ते जुळवावं लागे. त्या दिवशी आम्ही ओलिताच्या शेताकडेला उभे होतो आणि जुळवणी दोनदा फसली. बाहेरगावचे साहेब यंत्र दुरुस्तीला पाठवायला निघाले. मी चाकाशेजारी टाच दाबली, ती रुतली. म्हटलं, "साहेब, यंत्र नाई बिघडलं. खालची जमीन गाडीच्या वजनानं बसून राह्यली." साहेब हसले, पण गाडी मुरमावर घेऊ दिली. तासभर आम्ही दाराला हातसुद्धा लावला नाही, आणि जुळवणी झाली. दुसऱ्या दिवशी गाडी थांबताच साहेब आधी उतरले, बुटाची टाच जमिनीत दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावल्यावरच यंत्र सुरू झालं. आज सायकल उभी करतानाही मी आधी टाच दाबतो. बायको हसते. हसू दे, तिनं साहेबांची ती टाच कुठं पाहिली होती!